मागचे डावे दार आतून उघडत नसल्याने गाडी नापास करून मिळण्याबाबत

प्रति,
मा. मोटार वाहन निरीक्षक साहेब,
उपप्रादेशिक परिवहन कार्यालय,
गोंदिया.

अर्जदार : जियालाल सेवकराम टेंभरे, वय ५४, व्यवसाय शेती (धान), मु. चिंचटोला, पो. दवनीवाडा, ता. व जि. गोंदिया.

विषय : माझ्या मालकीची पांढरी चारचाकी गाडी येत्या तपासणीत मागच्या डाव्या दाराच्या लॉकच्या कारणावरून नापास करून तसा लेखी आदेश मिळण्याबाबत.

संदर्भ : १) नोंदणी नूतनीकरणासाठी मिळालेली तपासणीची तारीख, १२ फेब्रुवारी २०२६.
२) सदर गाडी ‘आहे तशीच’ पास करावी, असा चिंचटोला ग्रामस्थांचा अर्ज.

महोदय,

आपल्यासमोर गाडी पास करून मागणारेच उभे राहतात, याची मला कल्पना आहे. मी नापास करून मागत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. अर्ज शेवटपर्यंत वाचावा, ही पहिली विनंती. दुसरी विनंती शेवटी आहे.

१. माझी एकुलती एक मुलगी ओमेश्वरी हिचे लग्न येत्या अक्षय तृतीयेला ठरले आहे. मुलगा सालेकशाचा, नाव इंद्रकुमार, स्वभावाने चांगला, मुलीच्या पसंतीचा. लग्नाला कोणाचीही हरकत नाही. अडचण फक्त ती मंडपातून निघून कोणत्या दाराने गाडीत बसणार, याची आहे. दाराचे लॉक दुरुस्त केल्याशिवाय मी त्या गाडीत बसणार नाही, असे मुलगी म्हणते. लॉकला हात लावला तर पाठवणीला आम्ही येणार नाही, असे गाव म्हणते. मी बाप असल्याने दोघांच्या मध्ये आहे.

२. प्रथम संदर्भ क्रमांक २ चा खुलासा करतो. ग्रामस्थांच्या त्या अर्जातील अक्षर आणि या अर्जातील अक्षर एकच असल्याचे आपल्या अनुभवी नजरेस येईलच. त्यात गैरप्रकार नाही. चिंचटोल्यात अर्ज मीच लिहितो. विहिरीचा, रस्त्याचा, माकडांचा, सगळा पत्रव्यवहार माझ्याकडे असतो. माझी गाडी पास व्हावी म्हणून माझ्याविरुद्ध अर्ज लिहायचा होता, तेव्हाही लोक सवयीने माझ्याच ओसरीवर आले. चहा पिऊन, मजकूर सांगून, सह्या करून गेले. तो अर्ज मी मन लावून लिहिला आहे. हा त्याहून जास्त मन लावून लिहीत आहे. कृपया या अर्जाला प्राधान्य द्यावे.

३. गाडीची हकीकत अशी. गाडी पंधरा वर्षांपूर्वी नवी घेतली. ब्रेक लागतात. दिवे लागतात. हॉर्न वाजतो, लग्नसराईत गरजेपेक्षा जास्त वाजतो. गावात त्या वेळी दुसरी चारचाकी नव्हती, म्हणून प्रत्येक नवरी याच गाडीतून सासरी गेली. याबद्दल मी कधी भाडे घेतलेले नाही. नारळ आणि शेला घेतो. शेला हे भाडे होत असल्यास तसे कळवावे, मी परत करायला तयार आहे. घरात पेटी भरून आहेत.

४. आमच्याकडे पाठवणीला गाडीचे दार नवरीच्या भावाने लावायचे, अशी रीत आहे. भाऊ त्या वेळी रडत असतो. चारचौघांत पुरुषाला मोकळे रडता येत नाही, म्हणून तो सगळा जोर दारावर काढतो. ज्याची बहीण जास्त लाडकी, त्याचे दार जास्त जोरात. ज्या मुलींना सख्खा भाऊ नाही, त्यांना चुलत, मावस, आते असे चार-चार भाऊ असतात आणि आपलाही हात लागावा म्हणून चौघेही दार उघडून उघडून पुन्हा आपटतात. अशा रीतीने लॉक आतून खिळखिळे होत गेले. ‘सदर लॉक भावांच्या मायेने झिजले’ असे कोणत्याही फॉर्ममध्ये लिहिण्याची सोय नाही, कारण तसा रकाना नाही. म्हणून येथे लिहितो.

५. शेवटचा घाव माझा पुतण्या ओमेश याचा. त्याची बहीण, म्हणजे माझ्या मोठ्या भावाची मुलगी टीना, हिच्या पाठवणीत त्याने दार असे लावले की मांडवातली पंगत उठून उभी राहिली. त्यानंतर आतल्या हँडलपासून लॉकपर्यंत जाणारी तार तुटली. दार बाहेरून उघडते, आतून उघडत नाही. हे त्या क्षणी कोणालाच कळले नाही. गाडी मी चालवत होतो. गावाबाहेर नाल्याच्या पुलाजवळ टीना एकाएकी ‘थांबवा, दार उघडा’ असे ओरडू लागली आणि हँडल ओढू लागली. दार उघडले नाही. सोबतच्या बायकांनी तिला धरले आणि ‘होते बाई असं, माहेर सुटते तं होते,’ अशी समजूत घातली. समोरचा आरसा फुलांच्या माळांनी झाकलेला असल्याने मला काही दिसले नाही. वराकडची मंडळी पुढे निघून गेली होती, म्हणून मीही गाडी हाकली. टीना तिरोड्याला नांदायला गेली ती गेलीच. आज तिला दोन मुले आहेत, नवऱ्याचे किराणा दुकान आहे, भांडण ऐकिवात नाही.

६. झाले. गावाने निष्कर्ष काढला. पोरगी उतरून परत पळणार होती, दाराने अडवले, संसार वाचला. हा निष्कर्ष प्रथम कोणी काढला, हे सांगता येत नाही, पण तो मान्य माझी चुलत काकी सावित्रीबाई हिने केला, आणि तिने मान्य केलेली गोष्ट चिंचटोल्यात पुन्हा चर्चेला येत नाही. तिचे शब्द असे : ‘दार लागला म्हंजे घर लागला.’ तेव्हापासून प्रत्येक नवरी मागच्या डाव्या जागेवरच बसवतात. उजव्या बाजूला नवरदेव, करवली आणि आहेराचे गाठोडे इतके ठासतात की तिकडच्या दाराचा प्रश्नच येत नाही.

७. पाठवणीपूर्वी दाराची परीक्षा होते. सावित्रीबाई स्वतः आत बसते, दार लावायला सांगते आणि हँडल ओढून पाहते. उघडले नाही की बाहेर नारळ फोडतात. गेल्या वर्षी एका लग्नात अशी परीक्षा चालू असतानाच जेवणाची हाक आली आणि सगळे पंगतीला गेले. मठ्ठा वाढायची वेळ झाली तेव्हा सावित्रीबाई कुठे, असा शोध सुरू झाला. ती आतच होती. घामाने निथळलेल्या अवस्थेत तिला बाहेर काढल्यावर तिने रागावण्याऐवजी ‘पक्का आहे’ एवढेच म्हटले आणि पाणी मागितले. त्या दिवसापासून दाराची कीर्ती दुप्पट झाली.

८. कीर्ती वाढली की उपयोगही वाढतात. मोतीबिंदूच्या शिबिरातून दोनदा पळालेले एक वृद्ध गृहस्थ तिसऱ्यांदा याच जागेवर बसवून नेले. त्यांना आता स्पष्ट दिसते आणि ते मला रस्त्यात टाळतात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एका उमेदवाराचे अर्ज मागे घेण्याच्या दिवशी मन डळमळू लागले, तेव्हा त्याच्या समर्थकांनी त्याला ‘जरा फिरून येऊ’ म्हणून तेथे बसवले आणि मुदत संपेपर्यंत दवनीवाड्याच्या रस्त्याने वर-खाली फिरवले. तो निवडून आला, हे दुर्दैवाने दाराच्या बाजूने धरले गेले. सालेकशाकडच्या एका कुटुंबाने तर लॉक विकत मागितले. गाडी नको, फक्त बिघडलेले लॉक, त्यांच्या नव्या गाडीला बसवायला. गावातल्या एकाने त्यांना सांगून पाहिले की नव्या गाडीत लहान मुलांसाठी खटका असतो, तो लावला की दार आतून उघडत नाही, तेच काम होते. सावित्रीबाईने ते फेटाळले. ‘खटक्याचा दार खटक्यानं सुटते बी,’ असे ती म्हणाली. ते कुटुंब रिकाम्या हाताने परत गेले.

९. मी दुरुस्तीचा प्रयत्न केला नाही असे आपण समजू नये. गोंदियाला छोटेलाल नावाचा कारागीर आहे, दारांचीच कामे करतो. त्याने दाराचे आतले पॅनल काढले, आत पाहिले आणि ‘काकाजी, दो मिनट का काम है, बैठो, चाय पियो,’ असे म्हणाला. मी बसलो. चहा आला. तेवढ्यात गाडीच्या काचेवर चिकटलेल्या लग्नाच्या जुन्या पाकळ्या पाहून त्याने विचारले, ‘ये चिंचटोलावाली गाड़ी तो नहीं?’ मी खोटे बोलत नाही. त्याने पॅनल होते तसे बसवले, हात पुसले, दाराला नमस्कार केला आणि म्हणाला, ‘मेरी भांजी की शादी है मई में. उसके बाद लाना, मुफ्त में कर दूँगा.’ चहाचे पैसेही घेतले नाहीत.

मग मी नवे लॉक तारेसकट विकत आणून घरी ठेवले, म्हणजे स्वतःच बसवीन. सकाळी पाहतो तो पत्नी राजकुमारी हिने ते देवघरात मांडून त्याला हळद-कुंकू वाहिले होते. नव्याची पूजा करायचीच असते, असे तिचे म्हणणे. देवाजवळ ठेवलेली वस्तू पेचकसाने दारात बसवावी की नाही, याबाबत मला कोठेही स्पष्ट मार्गदर्शन आढळले नाही. ते लॉक अजून तेथेच आहे. दिवाळीत त्याच्यापुढे पणतीही लागली.

१०. गुपचूप दुरुस्त करावे, असे आपल्या मनात येईल. माझ्याही आले. पण परीक्षा सावित्रीबाई घेते, हे वर नमूद आहे. शिवाय ओमेश्वरीच्या आधी गावातल्या दोन मुलींची लग्ने आहेत आणि त्यांच्या बापांना मी गाडीचा शब्द दिलेला आहे. उद्या त्यातली एखादी नागपंचमीला चार दिवस माहेरी आली, तरी ‘लॉक बदलला नं, मंग होईलच असं’ हे ऐकावे लागेल, आणि तीन पिढ्या ऐकावे लागेल. आमच्या गावाची आठवण फार चांगली आहे.

११. आता मुख्य विषय. ओमेश्वरीच्या साक्षगंधानंतर घरात बायका जमल्या होत्या, तिरोड्याहून टीनाही आली होती. गाडीचा विषय निघाला तेव्हा ओमेश्वरी सरळ म्हणाली, ‘मी त्या दाराच्या आत बसत नाही. आधी दुरुस्त करा.’ सावित्रीबाईने टीनाकडे बोट दाखवले. ‘हिले विचार. दार नसता तं आज कुठं राहिली असती?’

टीना भाजी निवडत होती. मान खाली ठेवूनच ती म्हणाली, ‘मी पळून नोती राहिली, मोठेमाय. मले ओकारी येऊन राहिली होती.’

कोणालाच नीट कळले नाही, म्हणून तिने पुन्हा सांगितले. दिवसभराचा उपास, वरून गाडीत फवारलेले अत्तर. तिला गाडी लागते, हे लहानपणापासून सगळ्या घराला ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे. तिला शाळेच्या सहलीला पाठवताना लिंबू मीच देत असे. पुलाजवळ तिला खाली उतरून ओकायचे होते. दार उघडले नाही. शेवटी शेजारी बसलेल्या नवरदेवाने, ज्याच्याशी ती तोवर एक अक्षरही बोलली नव्हती, आपला नवाकोरा शेला तिच्यापुढे धरला. सगळे त्या शेल्यात झाले; ती शेल्यात तोंड घालून रडते आहे, असे सोबतच्या बायकांना वाटले. त्याने शेल्याची घडी घातली, खिडकीबाहेर पाहत बसला आणि सासरी पोचल्यावर कोणाला काही बोलला नाही. ‘संसार त्या शेल्यानं झाला,’ टीना म्हणाली. ‘दाराचा का संबंध?’

मी विचारले, ‘मंग इतकी वर्षं सांगितलं काऊन नाही, बेटा?’

ती म्हणाली, ‘कोणी विचारलंच नाही, काकाजी.’

महोदय, मला वाईट वाटले. फार वाईट वाटले. गाडी मी चालवत होतो.

१२. इतक्या स्पष्ट पुराव्यानंतर विषय संपायला हवा होता. मीही तसेच समजून उठलो. पण सावित्रीबाईने थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘दार उघडला असता तं ही खाली उतरली असती. शेला समोर कराची बुद्धी त्याले कोणं देली? दारानंच देली नं?’ बायकांनी माना डोलावल्या. परीक्षेत नापास झालेले दार त्या दिवशी पुन्हा पहिल्या वर्गात पास झाले.

मी एक शेवटचा मुद्दा मांडला. आपले पूर्वज माळव्यातून बैलगाड्या हाकत इकडे आले. त्या गाड्यांना दारे नव्हती. कोणीही कोठेही उतरून परत जाऊ शकत होता. कोणी गेला नाही, म्हणून तर आपण येथे धान लावतो आहोत. यावर कोणीतरी उठून चहा ठेवला.

१३. त्यानंतरच्या आठवड्यात लग्नाच्या खरेदीसाठी मी व ओमेश्वरी गोंदियाला गेलो. येताना ती म्हणाली, ‘बाबूजी, गाडी मी चालवते, तुमी मागं बसा.’ ती गाडी चांगली चालवते, परवाना आपल्याच कार्यालयाचा आहे. पुढच्या जागेवर मिठाईचे डबे आणि बस्त्याची गाठोडी होती, मागे उजव्या बाजूला आहेराची भांडी छतापर्यंत लागलेली. मी मागच्या डाव्या जागेवर बसलो. पंधरा वर्षे ही गाडी माझी आहे. त्या जागेवर मी त्या दिवशी प्रथमच बसलो, हे बसल्यावर माझ्या लक्षात आले.

नाल्याच्या पुलाजवळ तिने गाडी थांबवली, किल्ली काढली, खाली उतरली आणि जाऊन मोहाच्या झाडाखाली उभी राहिली. माझ्याकडे तोंड करून, शांत. मी हँडल ओढले. हँडल हातात हलते; दार हलत नाही. किल्ली नसल्याने काच खाली होईना. समोरच्या जागेवर चढून जाण्याचा प्रयत्न केला, तो माझ्या वयाला आणि पोटाला झेपला नाही. जानेवारीचे ऊन होते, त्यामुळे जिवाला धोका नव्हता, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

रस्त्याने गावातली माणसे जात होती. एकाने सायकल हळू केली, मला त्या जागेवर पाहून हसला आणि ‘राम राम टेंभरेजी, शोभून राहिले’ असे म्हणून निघून गेला. डोक्यावर भारा घेतलेल्या दोन बायकांनी थांबून दाराला नमस्कार केला. मी काचेवर हात मारला, तर त्यांना वाटले मी आशीर्वाद देतो आहे. पुन्हा वाकल्या. सगळ्यांनी मला पाहिले, सगळे मला ओळखतात, आणि ‘तुम्हाला उतरायचे आहे का’ असे एकानेही विचारले नाही.

मग ओमेश्वरी आली. बाहेरून दार उघडले. ती म्हणाली, ‘बाबूजी, मी जाईनच. मले जायचंच आहे. पण दार उघडता येत असून मी नाही उघडला, तं म्हणता येते, ओमेश्वरी गेली. नाही तं म्हणा, तिले नेली.’

मी गावाचे सगळे अर्ज लिहितो. एवढा मोठा मजकूर इतक्या थोडक्यात मला कधी लिहिता आला नाही.

१४. हीच गोष्ट मी घरी राजकुमारीला सांगितली. ती म्हणाली, ‘मी तं बैलगाडीतच आली होती जी तुमच्या घरी. पाय खाली सोडून बसली होती.’ नंतर देवघरात जाऊन तिने ते नवे लॉक उचलले, पदराने पुसले आणि माझ्यापुढे आणून ठेवले. हळद पूर्ण निघालेली नाही.

१५. म्हणजे आता घरात एकमत आहे, लॉक आहे, पेचकस आहे. नाही तो फक्त अधिकार. चिंचटोल्याचे लोक दोन गोष्टींपुढे वाद घालत नाहीत, एक गारपीट आणि दुसरा कार्यालयाचा शिक्का. सावित्रीबाईला मी विचारून घेतले आहे. ‘सरकारच म्हणते तं आपण काय करणार?’ असे तिचे म्हणणे पडले. मी म्हटलेले चालत नाही, मुलीने म्हटलेले चालत नाही, जिच्यावर हे सगळे उभे आहे त्या टीनाने म्हटलेलेही चालले नाही. आपण म्हणावे. ‘मागचे डावे दार आतून उघडत नसल्याने वाहन नापास, लॉक बदलून पुन्हा हजर करावे,’ एवढे एक वाक्य शिक्क्यासह मिळाले की मी ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावीन. अक्षर जरा मोठे काढावे, सावित्रीबाईला वाचून दाखवणाऱ्याची नजर कमी आहे.

१६. तपासणीच्या दिवशी गावातली काही मंडळी गाडी आहे तशीच पास करावी म्हणून आपल्याला भेटायला येणार आहेत. ती याच गाडीतून येणार आहेत, कारण दुसरी सोय नाही. मागे डावीकडे कोण बसेल, यावर त्यांच्यात अद्याप एकमत झालेले नाही. स्वतःवर वेळ आली की श्रद्धा जरा मागे सरकते, असे दिसते. मी त्यांना सुखरूप आणीन व त्यांच्यासाठी दार वेळेवर उघडीन.

१७. शेवटची विनंती अशी. नियमाप्रमाणे आपण ब्रेक, दिवे, धूर, सगळे तपासालच. त्याआधी कृपया एकदा मागच्या डाव्या जागेवर आपण स्वतः बसावे. दार मी बाहेरून हळूच लावीन, आपटणार नाही. आत शांत आहे, जागा ऐसपैस आहे, काचेतून बाहेरचे सगळे नीट दिसते. आपण म्हणाल त्या क्षणी मी दार उघडीन, त्यात कसूर होणार नाही. पण आपल्याला तसे म्हणावे लागेल, आणि बाहेरच्याला ते ऐकू यावे लागेल. एवढेच आपल्या ध्यानात यावे, म्हणून हा अर्ज.

नापास होण्याच्या आशेत,

आपला नम्र वाहनधारक आणि नवरीचा बाप,

(सही)
जियालाल सेवकराम टेंभरे
मु. चिंचटोला
दिनांक : २९ जानेवारी २०२६

सोबत :
१) नोंदणी प्रमाणपत्राची प्रत.
२) नवे लॉक तारेसह, पिशवीत. पाहून परत करावे.
३) चि. सौ. कां. ओमेश्वरी हिच्या लग्नाची पत्रिका. सहकुटुंब अवश्य यावे. येण्यासाठी गाडी पाठवता आली असती, पण कृपया आपल्याच वाहनाने यावे.